चांदणीचे पायपट्टे

सदर, नागपूर
४ मे १९७८

प्रिय अनंत,

तू पाठवलेले चामड्याचे पायपट्टे मिळाले. माल भारी आहे. बाबांच्या माघारी त्यांची घोडी मी शिकवते, हे तुझ्या लक्षात राहिलं याचं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तुमच्या गावच्या गोपिकाताईच्या मधुकरचं रविवारी लग्न आहे, त्यासाठी चांदणीला तयार करतेय. तिथे गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वस्तीतला नवरदेव घोडीवर बसून मोठ्या रस्त्याने अजून गेलेला नाही, तेव्हा तालीमही तशीच कडक हवी. रोज सकाळी गिट्टी पसरून तिला चालवते, मागून आई डबा बडवते. बिचकली की ही बया एका खुराने दुसऱ्याच पायाला ठोकर मारून घेते. म्हणून आधी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. सैल बांधल्या तर खाली घसरत, आवळल्या तर पाय सुजे. मग तुझे पट्टे लावले. या उन्हात आत घाम साचला आणि दुसऱ्याच दिवशी कातडं सोललं. शेवटी घोंगडीचे तुकडे कापून, बंद बाहेरच्या अंगाला येतील असे मीच शिवले. तालमीपुरते बांधते, लगेच सोडते. आता पायाला ओरखडा नाही. आई म्हणाली, "घोडीचे एवढे लाड करून राहिली, सोताचे काहून नाही केले वं?" मी हसले. लाड करायला निघालेला एक जण कोर्टात लग्नाची सही करायच्या दिवशी आलाच नाही, हे तिला कुठे माहीत आहे. त्या दिवशी रडले ते रडले, नंतर नाही.

पट्ट्यांसोबतची चिठ्ठीही वाचली. रस्त्यावर दगड फार, वरात मागच्या पांदणीने न्या, घोडीच्या पायांना जपा, असं लिहिलंस. दगड रस्त्यावर नाहीत, अनंत. ते तुझ्या दादांच्या ओट्यावर गोळा करून ठेवलेत, गोपिकाताईने डोळ्यांनी पाहिलंय. पट्टे परत पाठवते आहे. रविवारी लगाम माझ्या हातात असेल आणि वरात मोठ्या रस्त्यानेच जाईल. चांदणीच्या पायांची तुला खरंच काळजी असेल, तर त्या ओट्यावर चढ आणि दगड उचलणारे हात धर. तेवढं होत नसेल तर दार लावून घरात बस. आम्ही वाट बदलणार नाही.

एकेकाळची तुझी,
इंदू