तिसाव्या किलोमीटरपुढे

तिझी, ९ मार्च १९९८

चि. बासोस अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत, तुझी खुशाली आधी कळव. काल तुझी माराकेशची मॅरेथॉन अख्ख्या गावानं अलालकाकांच्या कॉफीच्या दुकानात टीव्हीवर पाहिली. आमचा शेंबडा बासो सगळ्यांच्या पुढे! पंचविसाव्या किलोमीटरला बाबांना राहवेना. घरी जाऊन त्यांनी तुझ्या विजयासाठी पोसलेला मेंढा कापला. हात धुऊन परत येतात, तो तू रस्त्याच्या कडेला पाणी पीत उभा, आणि जिंकला भलताच कुणी. जेवायला सगळे आले आणि मान खाली घालून जेवून गेले. पोराचा पाय तर मोडला नाही ना, एवढंच बाबा मला विचारतात. खरं काय ते लिही.

आईनं जवाचं पीठ पाठवलंय. माया ठेव.

तुझी इत्तोताई

इफ्रान, १७ मार्च

प्रिय इत्तोताईस सलाम, वि. वि.

पाय धडधाकट आहे. ताई, मी दोन वर्षं लपवलं. माझं काम दुसऱ्यांना वेग लावून द्यायचं. तीस किलोमीटर पुढे पळायचं आणि बाजूला व्हायचं, त्याचेच पैसे मिळतात. बाबांना सांगायची लाज वाटली. आमचे धावणं शिकवणारे गुरुजी म्हणतात, शर्यत शेवटपर्यंत नेण्याचा दम तुझ्यात नाही. ऑक्टोबरात रबातला हेच काम आहे. नियमानं पुढे पळता येतं, पण अडतिसाव्याला कोसळलो तर हसं होईल आणि हे कामही जाईल. भीती वाटते.

मेंढ्याचं वाचून जेवण गेलं नाही. बाबांना सांभाळ.

बासो

तिझी, २६ मार्च

चि. बासोस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. हसून हसून बाबांना ठसका लागला. स्वतःच्या घाईचंच हसू, म्हणाले. मग गंभीर होऊन मला सांगितलं, ‘‘लिही त्याला, कळप अर्ध्या डोंगरात सोडून घरी आलेला मेंढपाळ या हद्दूच्या घरात झाला नाही.’’ आता तुझं तू बघ. कोसळलास तर घर आहेच, आणि मी चिडवायला आहे.

इत्तोताई

रबात, ११ ऑक्टोबर

प्रिय ताईस सलाम.

घाईघाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तिसाव्याला पंचांनी बाजूला होण्याची खूण केली, मी मान खाली घालून पळत राहिलो. मागच्या दोघांना वाटलं, हा आत्ता थांबेल, मग थांबेल. म्हणून त्यांनी पाठलागच केला नाही. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मी पुलापलीकडे होतो. पुढचा रस्ता जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. चाळिसाव्याला पोटऱ्या दगड झाल्या, रडलोही थोडा, पण पाय थांबले नाहीत.

फीत छातीला लागली आणि घोषणा करणारा गोंधळला. वेग लावणाऱ्यांची नावं त्याच्या कागदावर नव्हती. त्यानं ध्वनिक्षेपक माझ्या तोंडाशी धरून नाव विचारलं. दम एवढा लागला होता की दोनच शब्द निघाले. हद्दूचा मुलगा, म्हणालो. मग सगळ्या मैदानात तेच घुमलं.

बाबांनी ऐकलं का, ते लगेच कळव.

तुझा बासो