पाळणा कोणी थांबवला

प्रिय दुर्गू,

आधी राग लिहिते, मग खुशाली. खुशाली आधी लिहिली तर राग निवून जाईल आणि हे पत्र आपल्या रोजच्या फोनसारखं होईल: जेवलीस का, गॅस बंद केलास का, तब्येत सांभाळ. फोनवर हे बोलता येणार नाही. तुझे बाबा फोन स्पीकरवर टाकून मध्ये बसतात आणि माझी निम्मी वाक्यं तेच पुरी करतात. म्हणून कागद घेतला. गेल्या रविवारी तू मला जे विचारलंस आणि मी जे उत्तर दिलं, त्याबद्दल शेवटी लिहीन. मधलं सगळं वाचल्याशिवाय त्या पानावर जाऊ नकोस.

तुझा तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. पहिल्यांदा शेजारच्या रुख्माने दाखवला. तिच्या पोराच्या मोबाइलवर आला होता, म्हणजे तिरोड्यात निम्म्या लोकांनी पाहिला असं धर. तू एका मोठ्या पार्कात उभी आहेस, मागे रोलर कोस्टरचे रूळ आभाळात वेटोळे घालून गेलेत, आणि तू सांगतेस की आजवर एकतीस कोस्टर झाले. ऐकून मला इतकं भरून आलं की पदर डोळ्याला लागला. मग तू म्हणालीस, ही हौस मला बाबांकडून मिळाली. आई बिचारी साध्या पाळण्यातसुद्धा बसत नाही, तिला आम्ही खाली चपला सांभाळायला ठेवतो. रुख्मा हसली. मीही हसले. पुढच्या दहा वेळा मी एकटीच पाहत होते, तेव्हा हसले नाही. कोणी मला आळशी म्हणावं, भांडखोर म्हणावं, चालेल. बिचारी म्हणू नये. आणि माझ्या पोटच्या पोरीने तर नाहीच.

दिवाळीत तू आम्हाला हैदराबादला नेलंस ते आठव. तुझं पार्क, तुझी तिकिटं, सगळं हौसेने केलेलं. पार्कात शिरल्याबरोबर माझ्या मांडीवर चार पिशव्या, दोन चष्मे, तुझे सँडल आणि बाबांचा स्वेटर आला. कोणी विचारलं नाही, मीही मांडी पुढे केली. बाबा माझ्या शेजारी बसले, म्हणाले, तुझ्या आईजवळ कोणी तरी पाहिजे ना. तू त्यांच्याकडे किती मायेने पाहिलंस. तीन तास मी समोरच्या कोस्टरच्या गाडीकडे बघत होते, दुर्गू. माझ्या लक्षात आलं की चढाच्या टोकावर पुढचा डबा क्षणभर लोंबकळतो, कारण मागचं सगळं वजन अजून चढावर असतं. शेवटच्या डब्याला मात्र तो थांबा मिळत नाही. तो टोकावर पोचायच्या आतच पुढच्यांनी ओढून खाली नेलेला असतो, तिथली माणसं जागेवरून उचलली जातात. म्हणजे खरी मजा शेवटच्या डब्यात. हे मी बाबांना पाण्याच्या नळापाशी सांगितलं. रात्री जेवताना त्यांनी ते तुला सांगितलं. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही न बसता एवढं ओळखलंत. ते म्हणाले, त्यात काय, नीट पाह्यलं की कळते. मी तेव्हा तुझ्या ताटात भात वाढत होते.

मला कसं कळलं ते आज सांगते. माझं माहेर इटियाडोह धरणाजवळ, त्यामुळे आपल्या इकडच्या प्रतापगडच्या डोंगरावरची महादेवाची यात्रा आमच्या अंगणातलीच. माझ्या लहानपणी तिथे लाकडी झुला असायचा, चार पेट्यांचा. दोन माणसं तो हाताने फिरवत. माझे बकाराममामा तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालणारे. वजन कुठे पडलं की काय खचतं, हे त्यांना नुसत्या हाताने कळायचं, म्हणून झुलेवाले दर वर्षी झुला उभा करायला त्यांनाच बोलवत. समोरासमोरच्या पेट्यांत वजन सारखं नसलं की झुला मध्येच अडतो आणि फिरवणाऱ्याचा खांदा निखळतो. एका पेटीत वजनदार बाई बसली आणि समोरची कमी पडली, की तिथे भर घालायला कोणी तरी लागायचं, न रडणारं, कितीही वेळा बसणारं. ती मी. मामा गर्दीतून हाक मारायचे, "कुठी गेली वो आमची पासंग?" तराजूला पासंग लावतात तसं मला पेटीत लावायचे. तिकीट नाही. एका यात्रेत एका दिवशी मी बावीस वेळा बसले. वर टोकाला पेटी जराशी थांबते, मग आपण खाली येतो आणि पोट वरच राहतं. त्या क्षणी खाली आई हाका मारत असायची, भाऊ रुसलेला असायचा, आणि मला कोणाचंच काही लागायचं नाही. तू व्हिडिओत म्हणालीस, पहिल्या उतारावर अर्धा सेकंद मी कोणाचीच नसते. दुर्गू, हे वाक्य तुला बाबांनी दिलेलं नाही.

मग लग्न झालं. तीन महिन्यांनी महाशिवरात्र आली, आणि सासरची सगळी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून प्रतापगडला निघाली. त्या वर्षी पहिल्यांदा इंजिनाचा मोठा पाळणा आला होता. नव्या जोडप्याने बसलंच पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट. मला तर हट्टाची गरजच नव्हती. खाली तुझे आजोबा केशोराव, आजी देवकाबाई, दोन्ही आत्या आणि अर्धं गाव माना वर करून उभं. तुझे बाबा तेव्हा गावच्या कबड्डी संघाचे कप्तान, त्यांच्या मांड्यांचं कौतुक बायकासुद्धा करायच्या. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वर आल्यावर त्यांनी माझं मनगट असं धरलं की दोन बांगड्या फुटल्या. तिसऱ्या फेरीत ते ओरडले, "थांबव. थांबव गा, मरतो मी." पाळणेवाल्याने इंजिन बंद केलं. खाली ओरडणं ऐकू गेलं होतं, पण त्या गोंगाटात आवाज बाईचा की माणसाचा हे कोणाला समजलं नाही. भ्यायलेल्या माणसाचा आवाज बारीकच होतो.

पेटी हळूहळू खाली येत होती आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. ओठ पांढरे, डोळे मिटलेले, मिशीवर घाम. तीन महिन्यांत तो माणूस मला एक वाकडा शब्द बोलला नव्हता. मला ते आवडायला लागले होते, हेही लिहून टाकते, आता कसली लाज. आजींनी विचारलं, "काऊन थांबवला वो?" आणि मी म्हणाले, "मले भेव लागलं जी. मीच थांबवाले सांगतलं." आजी हसल्या. म्हणाल्या, पोट्टी उंच हाये, पन काळीज चिमणीचं. सगळे हसले. बाबा रसवंतीच्या मागे जाऊन उलटी करून आले, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मला वाटलं होतं, यात्रा उठेल तसं हे खोटंही उठेल. पुढच्या वर्षी पाळण्यापाशी पोचल्यावर आजींनी सगळ्यांच्या चपला माझ्यापुढे काढल्या. आणि बाबा म्हणाले, "ते एकटी कायले थांबन? मी थांबतो ना तिच्यासंगं." आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. ते नशीब मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. पहिली काही वर्षं आम्हा दोघांना खरं माहीत होतं, आणि त्यात एक गोडवा होता, खोटं बोलणार नाही. ते माझ्याकडे बघत आणि नजर खाली करत. मग कधी तरी नजर खाली करायचे थांबले. कोणत्या वर्षी ते मला सांगता येणार नाही. तू सहा-सात वर्षांची असशील.

मध्येच खुशाली लिहिते, म्हणजे तुझा जीव वर-खाली होणार नाही. आम्ही दोघं बरे आहोत. गावचं उन्हाळी धान चांगलं उभं आहे. तुझ्या लग्नाच्या पत्रिका उद्या छापून येतील.

आता यंदाच्या महाशिवरात्रीचं. आम्ही माहेरी उतरलो होतो, रुख्माही सोबत होती. बाबा वर डोंगरावर महादेवाच्या दर्शनाला गेले, मी गुडघ्याचं निमित्त केलं. खाली मैदानात यंदा कोलंबस आला होता, दोन्ही टोकांना झुलणारी ती मोठी नाव. मी चपला काढल्या आणि रुख्माच्या हातात दिल्या. तिकीटवाला म्हणाला, "आंटी, बीपी तो नहीं है ना?" मी म्हटलं, है, बिठाओ. मी टोकाच्या रांगेत बसले. मांडीवर काही नव्हतं. नाव वर गेली, टोकाला थांबली, आणि पोट वर राहिलं. सगळं तसंच होतं, दुर्गू. शेहेचाळीस वर्षांच्या पोटालाही ते येतं. मी तीन वेळा बसले. रुख्मा खालून ओरडत होती, "उतर वो बाई, पोरीचं लगन हाये, हातपाय मोडून घेशीन." मी काही ऐकलं नाही.

तिसऱ्यांदा उतरले तेव्हा बाबा समोर उभे. कपाळाला भस्म, हातात प्रसादाचा नारळ. म्हणाले, "तू तं भेत होतीस ना वो? मंग पंचवीस वर्ष मले खाली कायले ठेवलीस?"

मी रुख्माकडून चपला घेतल्या आणि पायात घातल्या. संध्याकाळी माझ्या भावाच्या ओसरीवर त्यांनी हीच हकीकत सगळ्यांना रंगवून सांगितली: बायकोपायी मी कसा जन्मभर पाळण्याला मुकलो. बकाराममामा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "हे पोट्टी भेत होती? हे?" आणि माझ्याकडे पाहिलं. सगळं सांगायची ती जागा होती, साक्षीदार समोर होता. माझ्या माहेरच्या माणसांत माझ्या नवऱ्याचं तोंड पडू नये, म्हणून मी आत वरण आणायला गेले. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी त्यांना विचारलं, त्या वर्षी पाळण्यात ओरडलं कोण? ते शांतपणे म्हणाले, "तू. मीच तं तुले धरून ठेवली होती." ते खोटं बोलत नव्हते. रागाचं कारण तेच आहे. खोटं मी दिलं होतं, त्यांनी ते इतकं जपून ठेवलं की ते त्यांचंच झालं. मी म्हणाले, नाही जी, तुम्ही ओरडला होता. माझ्या बांगड्या फुटल्या होत्या. नवेगाव गेलं, पुढचे दोन थांबे गेले, मग म्हणाले, "असन." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी चांगली झाली म्हणाले. मला वाटलं, चला, पोचलं.

आणि मग गेला रविवार. तू फोनवर हसत सांगत होतीस की साक्षगंधात अंगठ्या घालून झाल्यावर हिमांशुच्या आई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, तुला म्हणाल्या, "शादी के बाद ये उल्टा लटकना बंद, बेटा." आणि तू म्हणालीस की मलाच आता चक्कर येते, मी ते कधीच सोडलंय. त्या खूश झाल्या. जूनमधलं मैत्रिणींबरोबर नव्या कोस्टरला जाणंही तू रद्द केलंस. तू म्हणालीस, आई, पहिल्याच दिवशी वाद कशाला, एवढंसं तर खोटं, बरं केलं ना? तेव्हा बाबा स्पीकरवरून हसत म्हणाले, आईवरच गेली पोरगी, तिलेही भेवच लागते. सगळं माहीत असून म्हणाले, एसटीत ऐकून, असन म्हणून झाल्यावर. आणि त्यांच्या मागोमाग मी म्हणाले, बरं केलंस बाई. माझ्या तोंडून ते सवयीने निघालं, पंचवीस वर्षांच्या सवयीने. फोन ठेवल्यापासून मला स्वतःचा जेवढा राग आला आहे तेवढा तुझा नाही, बाबांचा नाही, कोणाचाच नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. रविवारचं ते वाक्य मी परत घेते. तू बरं केलं नाहीस. बाबांना काही बोलू नकोस, व्हिडिओही राहू दे, ते माझं मी बघेन. पण तुझं खोटं अजून बारा दिवसांचं आहे, ते अजून तुझ्या हातात आहे. हिमांशुच्या आईंना फोन कर आणि सांग की तुला चक्कर येत नाही, तू जूनमध्ये जाणार आहेस आणि लग्नानंतरही जाशील. त्यांना राग येईल, हिमांशुचं तोंड उतरेल, इकडे तिरोड्याला दोन-चार फोन येतील. येऊ देत. ते मी घेईन.

रागावलेली आणि तुझीच,
आई