पिशवीवाला म्हातारा

२ फेब्रुवारी २००९, सोमवार

तो म्हातारा आज परत मैदानावर! धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. मुलींचा खो-खो सुरू झाला की दोरीला चिकटून बसतो आणि एकटक बघतो. आज जाता-जाता पिशवीवरचं नाव वाचलं — चितेगावचं कापडदुकान!

आमच्या कालिंदीला स्थळ आलंय ते चितेगावचंच. मुलगा कंपनीत, घरी शेती. आपण कळवलंय — मुलगी घरकामात हुशार, शिवण येतं. खो-खोचं नावसुद्धा काढलं नाही. गुडघे फुटलेली, उन्हानं काळवंडलेली पोरगी कोण करून घेतं? शुक्रवारी तेराला पाहायला येणार. त्याआधी लोक गुपचूप माणूस पाठवतात, मला काय माहीत नाही? माझ्या भावाच्या वेळी आम्हीच पाठवला होता की!

हे म्हणाले, "तुला जिथंतिथं चोरच दिसतात." दिसू देत.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्वतः जाऊन बसले. म्हाताऱ्यावर नजर ठेवायला, खेळ बघायला नाही. शेजारी सरूबाई म्हणून एक भेटल्या, पुंडलिकनगरात लेकीकडं आल्यात. शेंगा पुढं केल्या. "बसा ओ, लई भारी पळत्यात पोरी." त्यांनीच समजावलं — बसलेलीला पाठीमागून हात लावून मोठ्यानं खो म्हणायचं, मग तिनं उठून पाठलाग करायचा. इतकी वर्षं पोरगी खेळतेय आणि मला एवढंही माहीत नव्हतं. मातीचे कपडे धुतले, तेवढंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजही गेले. म्हाताऱ्यासाठीच.

८ फेब्रुवारी, रविवार

सेमीफायनल. लिहायलाही लाज वाटते — मी ओरडले!

दोरीपासून हातभर अंतरावरून पोरी पळतात. पायांची धपधप, धाप, माती आपल्या अंगावर. शेवटी आपल्याकडून एकटी कालिंदी उरली. समोरच्या संघातल्या एकामागून एक उठतायत, आणि ही खांबाला गिरकी घालून, हूल देऊन निसटतेय! दुधाला जा म्हणून चारदा सांगावं लागतं ती हीच? शिट्टी वाजली तेव्हा मी आणि सरूबाई एकमेकींच्या गळ्यात. "कोणाची ओ ही नऊ नंबर?" "माझीच!" बोलून गेले, मग जीभ चावली. पण सरूबाई आपल्यातल्याच. भीती आहे ती म्हाताऱ्याची. तोही टोपी उडवत होता. नाटकी मेला!

१० फेब्रुवारी, मंगळवार

धीर करून विचारलंच. "बाबा, चितेगावचे का?"

"नाय बा. देवगाव रंगारीचा. इथं लेकाकडं आलोय."

"मग ही पिशवी?"

"सुनंनं दिली. का, फाटली का?"

घरी टीव्ही नाही का, म्हटलं. "हाय की. पर त्यात पोरींची धाप ऐकू येत नाय."

उत्तर तयारच ठेवलेलं! माझा नाही विश्वास. घरी येऊन कालिंदीला सांगितलं, शुक्रवारपर्यंत मैदान बंद. पसंती आली तर रविवारची फायनलही नाही. पोरगी आत जाऊन पडली. जेवलीही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दार उघडलं. मुलाच्या आईमागं कोण — सरूबाई! मुलाची आत्या! माझ्या शेजारी बसून, मला शेंगा चारून माझ्याच पोरीची चौकशी! म्हाताऱ्याला गाव विचारलं, हिला विचारायचं सुचलंच नाही. अक्कल कुठं चरायला गेली होती माझी?

वर हसत म्हणते, "मुलगी आमी मैदानातच पसंत केली. काय पळती, बया!" माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढं — "आता तेवढं खो-खो बंद करा. परवाची फायनल बी नगं. आमच्या सुनेनं चड्डीवर पळायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

"अहो, तुम्हीच तर टाळ्या वाजवत होता!"

"लोकाच्या पोरीला वाजवायला काय जातंय?"

कालिंदी मान खाली घालून साडीवरूनच गुडघ्याची खपली खाजवत होती. मला इतका राग आला! सरूबाईचा, आणि माझाही. मी तरी दहा दिवसांपूर्वी वेगळं काय म्हणत होते? उद्या कळवतो म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल नकार कळवला. आम्ही.

आज म्हाताऱ्याशेजारीच जाऊन बसले. "चार दिस नऊ नंबर दिसली नाय. आज हाय का?"

"आहे," म्हटलं. "सरका थोडं, बाबा. माझी लेक आहे ती."