मुलाबद्दल सांगणे नाही

लाइपझिग, १२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तब्येतीचा विषय निघाला की आई तुमच्या हातून फोन काढून घेते, म्हणून हे पत्र. याचा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवतो. तुम्हीही कागदावर लिहून फोटोच पाठवा. टपालाला वेळ नाही.

मी इथे नोकरीवर आलेलो नाही, स्वतःच्या नावावर बियाणं तपासतो. अशा माणसाला इथला रहिवासी व्हायचं तर आधी इथला आरोग्य विमा लागतो. विमा नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर मे संपायच्या आत परत. विम्याच्या अर्जात माझ्या जुन्या डॉक्टरचं नाव मागितलं होतं. मला एकही आठवेना, कारण मी कधी गेलोच नाही. मग त्यांनी माझी तब्येत ठाऊक असणाऱ्या माणसाचा नंबर मागितला. मी घरचा दिला.

काल उत्तर आलं. विमा नाकारला आहे. अर्जदार जुनाट आजारी आहे आणि त्याने ते लपवलं, असं कारण दिलंय. बाबा, त्यांच्याशी कोण बोललं?

आशीर्वाद आहेतच. सोबत उत्तरही पाठवावं.

आपला,
पार्थ


अंबड, १५ जानेवारी २०२५

चि. पार्थ यास,
अ. आ.

चौकशी केली. तुझी आई बोलली. नाकबूल करत नाही.

डिसेंबरात दुपारी फोन आला. कंपनीतर्फे एक बाई हिंदीत बोलत होती. आवाज गोड होता, हीच हिची पहिली शंका. परक्या बाईनं मुलाच्या तब्येतीची चौकशी केली तर काय सांगायचं, हे हिचं ठरलेलं आहे. तू लहानपणापासून ऐकलंस. एसटीत शेजारी बसलेली बाई पोरगं गुटगुटीत आहे म्हणाली की ही म्हणणार, कुठलं हो, अंगाला काही लागत न्हाई, सारखं आजारी. मंग नजर लागत नाही.

पण एसटीतली बाई एका उत्तरावर थांबते. ही थांबेना. जेवतो का, झोपतो का, चालताना दम लागतो का. एवढं विचारणारी बाई म्हणजे साधी नजर नव्हे, असं हिनं धरलं, आणि हात आखडता घेतला नाही. जिन्याच्या वळणावर बसावं लागतं, पहाटे डावा हात जड होतो, एका उशीवर झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही. बाई सगळं लिहून घेत होती. शेवटी बाईनंच हिला धीर दिला. फोन ठेवल्यावर हिनं मीठ-मिरच्या आणल्या आणि मोबाइलवरून उतरवून चुलीत टाकल्या. मोबाइल शाबूत आहे.

मी विचारलं की खरं का नाही सांगितलं. ती म्हणाली, परक्या बाईला?

तुझा,
गजानन (बाबा)


लाइपझिग, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कंपनीच्या सांगण्यावरून सगळ्या तपासण्या केल्या. छातीला वायरी लावून पट्ट्यावर पळालो. एका दवाखान्यात तर नुसता झोपायला गेलो, उशी एकच होती, झोप उत्तम लागली. कुठे काही सापडलं नाही.

मला वाटलं, संपलं. कंपनी म्हणते, आईने इतक्या बारकाईने सांगितलेला आजार तपासणीत सापडत नसेल तर तो तपासणीला दाद न देणारा आजार आहे, आणि अशा आजाराचा विमा त्यांच्याकडे होत नाही. सापडला असता तर विचार करता आला असता. मी म्हणालो, मला काहीच झालेलं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं. रोगाची जाणीव नाही, असं.

आता एकच वाट आहे. ज्यानं जबाब दिला त्यानेच तो लेखी दुरुस्त करून सही करायची. आईला एक ओळ लिहू द्या. माझा मुलगा निरोगी आहे. बस.

लोभ असू द्या. आईला फार बोलू नका.

पार्थ


अंबड, २३ फेब्रुवारी २०२५

चि. पार्थ यास,
अ. आ.

हयात कोर्टाच्या कारकुनीत गेली, तेव्हा शपथपत्राचा मसुदा मीच केला. सदरहू मुलगा पूर्णतः निरोगी असून, असा. तुझ्या आईनं चष्मा लावून वाचला आणि निरोगी शब्द खोडला. मी बरा असे लिहिले. खोडला. साधारण बरा, खोडला. फारसा आजारी नसून, हेही खोडलं. शेवटी कागदावर तुझं नाव आणि आपला पत्ता तेवढा उरला. त्यावर सही करायला ती बिलकुल तयार आहे.

मंग मी जाफराबादला तुझ्या दैवशाला आत्याला सल्ला विचारला. ही चूक झाली. जर्मनीच्या डॉक्टरांना पार्थचा आजार सापडेना, अशी बातमी तिनं भावकीत पोचवली. तेव्हापासून तुला भेटायला माणसं येऊन राह्यली. बिस्किटांचे पुडे आणतात, शहाळी आणतात, तुझ्या खोलीत पलंगासमोर बसतात. मच्छिंद्रमामा तर दारातच चपला काढून चवड्यावर आत आले आणि कुजबुजत बोलत होते. मी म्हणालो, मोठ्यानं बोला, तो जर्मनीत आहे. ते म्हणाले, इतका दूर आहे, मंग तर जपलंच पाहिजे.

तुझी आई सगळ्यांना चहा देते. कसा आहे विचारलं की तसंच आहे म्हणते. घरात सध्या तीच एक समाधानी आहे.

कळावे. मसुदा क्रमांक सहा करतो आहे.

गजानन (बाबा)


अंबड, २ मार्च २०२५

चि. पार्थ,
अ. आ.

तुझे बाबा काय काय लिहून राह्यले ते मी वाचलं. चष्मा मलाही आहे. मसुदे करून करून त्यांनी घरातले चांगले कागद संपवले.

तू एक ओळ म्हणतोस. तुझ्या आधीची राजनंदिनी आठ महिन्यांची होती तेव्हा बाजारात मला एकीनं विचारलं, लेकरू अंगानं बरंय न. मी खरं तेच सांगितलं. म्हणाले, कधी शिंकलीसुद्धा न्हाई. तीही एकच ओळ होती. पुढच्या बाजाराला मी एकटी गेल्ते.

डॉक्टरनं ताप सांगितला होता. ताप मला बराबर कळतो. तरी ती ओळ मी पुन्हा बोलणार न्हाई, लिहिणार तर न्हाईच. लिहिलेलं कुणीही वाचतं.

परवान्यावाचून परत यावं लागलं तर ये. खोलीतले बिस्किटांचे पुडे हलवून ठेवते. आला न्हाईस तरी तुझ्यावर माझा राग न्हाई. फोटोत वाळलेला दिसतोस. छान.

तुझी,
आई


लाइपझिग, १६ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. तिला त्या ओळीचं आता विचारू नका. मीही विचारणार नाही.

आईचा फोनवरचा जबाब मी कंपनीकडून मागवून घेतला. तुम्ही कळवला होता तसाच आहे, पण मी तो आज नीट वाचला. एसटीतल्या बाईला आई सांगायची ते सारखं आजारी, एवढंच असायचं. त्यात जिना नव्हता. त्यात वळण नव्हतं, पहाट नव्हती, डावा हात नव्हता. माझ्या इथे तर जिनाच नाही, मी तळमजल्यावर राहतो.

कंपनीच्या डॉक्टरांना भेटलो. ते जबाब वाचत बसले. मग म्हणाले की हा आजार तुमचा नाही हे मला पटलं. पण हे कोणी मनानं रचलेलंही नाही, आणि ज्याचं आहे त्याला या आठवड्यात दवाखान्यात न्या.

बाबा, आई किती उशा घेते?

पार्थ


जालना, ३० मार्च २०२५

चि. पार्थ यास,
अ. आ.

आधी हे वाच, तुझी आई ठीक आहे. फोनवर हे दवाखान्यातून सांगितलंच होतं, पण तू विचारलेल्याचं उत्तर राहिलं होतं.

उशा दोन. दुसरी माझी. दसऱ्याच्या सुमारास हिनं मागितली, मी दिली, आणि तेव्हापासून हातावर डोकं ठेवून झोपतो. का हवी ते विचारलं नाही. हिला विचारलं, तर म्हणते की तुझ्यासाठी एवढे आजार ऐन वेळी कुठून आणायचे, जवळ होते ते दिले.

हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होत आली होती. तिच्यात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी विचारलं की तुम्हाला कोणी पाठवलं. मी म्हणालो, जर्मनीच्या विमा कंपनीनं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं आणि तसंच लिहिलं.

भावकी अंबडहून इथे वळली आहे. तुझ्या खोलीतले पुडे हिच्या पलंगाखाली आले. येणाऱ्याला ही खणखणीत आवाजात सांगते, मला काही झालेलं न्हाई, घोडीसारखी आहे. स्वतःच्या बाबतीत हिला नजरेचं भय नाही. नर्स दटावते.

काल हिनं आपणहून कागद मागितला. मसुदा हिचा, अक्षर माझं, सही हिची. पुढीलप्रमाणे: फोनवर सांगितलेले आजार माझे आहेत. ते मी माझ्याच अंगावरून सांगितले. मुलाबद्दल मला काही सांगणे नाही. मी शेवटचं वाक्य पुरं करू का विचारलं. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

फोटो जोडला आहे. चालला तर पाहा. न चालला तरी आता कळवायची घाई करू नको.

गजानन (बाबा)


लाइपझिग, ११ मे २०२५

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

चालला. यांच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो, अर्जदाराबद्दल सांगण्यासारखे काही नाही. आईचं वाक्य त्यात जसंच्या तसं बसलं. विमा झाला. आईला हृदयविकार निघाल्यामुळे माझा हप्ता थोडा वाढवला आहे. मी वाद घातला नाही. परवा रहिवासाचं कार्डही हातात पडलं.

आई, कंपनीची ती बाई मला भेटली. चौकशी करत होती, तुझी. जमेल तसं सांगितलं. तुला हवं तसंच सांगितलं असं समज.

जुलैत येतो. तोवर गोळ्या चुकवू नये.

पार्थ


अंबड, २५ मे २०२५

चि. पार्थ,
अ. आ.

कार्डाचा फोटो पाहिला. शेजारच्या यशश्रीच्या आईला न्हाई दाखवला, कुणालाच न्हाई. जुलैचंही बोलले न्हाई.

गोळ्या तुझे बाबा मोजून हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभे राहतात, जशी मी कोर्टातला मुद्देमाल आहे. जिना चढते. वळणावर थांबत न्हाई, ते थांबतात.

मंगळवारी जालन्याला दाखवायला गेल्ते. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, हसऱ्या. घरातल्यांची माहिती विचारत होत्या. हा आजार रक्तातून जातो म्हणे, म्हणून मुलंबाळं किती, त्यांना काही त्रास आहे का. तुझं वय विचारलं. वजन विचारलं. दम लागतो का विचारलं. मी गोळ्यांची पिशवी उघडून दाखवली. तुझे बाबा खिडकीबाहेर बघत बसले. त्या म्हणाल्या की मावशी, तुमच्याच भल्यासाठी विचारून राह्यले, खरं ते सांगा.

बाई चांगली होती. खोटं सांगावं असं वाटेना. खरं सांगायला तोंड उघडेना.

मी म्हणाले, मुलगा आहे.

त्यांनी विचारलं, कसा आहे?

मी म्हणाले, आहे.

तुझी,
आई