बिनपाण्याचा हत्ती

३ जानेवारी
सोसायटीची मीटिंग. मूर्खांचा बाजार. पाणीटंचाई आहे म्हणून गेटजवळचा बागेचा तुकडा पार्किंगला द्या, म्हणे. सूचना दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टची. गाड्या दोन, सौंदर्यदृष्टी शून्य. मी उठून सांगितलं, तिथे झाडं छाटून हत्ती उभा करतो, तोही बिनपाण्याचा. सेक्रेटरीने मार्चअखेरची मुदत दिली. नाही जमलं तर पार्किंग. सगळे हसले. हसा लेको.

५ जानेवारी
नर्सरीतून कोयनेल, कण्हेर, मेंदी, बोगनवेल आणली. नर्सरीवाला म्हणाला, कमी पाण्यावर जगतात, पण आधी वर्षभर पाणी घालून मुळं धरू द्या. दुकानदार तो, त्याला शास्त्र काय कळणार! गॅलरीत ओळीने मांडल्या आणि पाणी बंद. जी टिकेल तिचा हत्ती. घरात सक्त ताकीद दिली.

१९ जानेवारी
मेंदीने मान टाकली. बोगनवेल बोडकी. असल्या रडूबाया नकोतच. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जीव असतो हो त्यांना. ही बाई सिरियलमधल्या सुनेसाठीही रडते. दुर्लक्ष केलं.

२ फेब्रुवारी
कण्हेरही गेली. कोयनेल मात्र टवटवीत! वर नवी पालवी! ती अगदी कडेला, सासूबाईंच्या खुर्चीला लागून. गुडघ्यांमुळे त्यांना हलवत नाही, तिथेच बसून दिवसभर चहा पितात. कुंडीखालची फरशी रोज ओली. बायकोला समजावलं, हे झाड हवेतला ओलावा ओढतं आणि जास्तीचा खाली सोडतं. ती म्हणाली, बरं. डोक्यावरून गेलं की ती बरं म्हणते.

१० फेब्रुवारी
कोयनेलची आणखी मोठाली रोपं आणून गेटजवळ लावली. तारेचा हत्ती करून त्यात बसवली. पाणी अजिबात नाही. डेंटिस्ट बघत उभा होता. जळला असणार.

६ मार्च
सोंड पिवळी पडली. जागा बदलली की झाडं नखरे करतात. लाड न करता कचाकच छाटली. आता जोमाने फुटेल.

१८ मार्च
पानं गळाली, तार दिसते. वॉचमनने विचारलं, साहेब, कोंबड्यांचं खुराडं करताय का? याला गेट उघडण्यापलीकडे अक्कल नाही.

३१ मार्च
मीटिंग. हत्ती विश्रांतीच्या अवस्थेत आहे, असं निवेदन केलं. कुणी ऐकलं नाही. हात वर करून मतदान झालं. बागेच्या बाजूने एकच हात, माझा. पार्किंगच्या बाजूने बाकी सगळे. शेजारच्या खुर्चीवरची बायकोसुद्धा.
जिन्यात विचारलं, हे काय? ती म्हणाली, बाग मलाही हवी होती, पण तुमच्या हाती झाडं द्यायला मन धजावत नाही.
फार लागलं मनाला. तिला चोख उत्तर द्यायचं आहे. सुचलं की देईन.