बेटावर मारलेली हाक

माल्टा, दि. ४ जून २०२४

ती. गयावन्सं यांना,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला इथं ओरडता येत नाही, हॉटेलच्या भिंती पातळ आहेत. म्हणून प्रेरणाच्या वहीचं पान फाडून लिहिते आहे. ती फोटो काढून मेघाच्या मोबाइलवर पाठवील. तुमची नातसून तो मोठा करून दाखवील.

तुमच्या ह्या भाचीनं बेटावर करायच्या नऊ गोष्टींची यादी केली आहे आणि मुकादमासारखी ती आमच्याकडून आणि जावयांकडून पुरी करून घेते आहे. पहिली, होडीत बसणं. इथल्या होड्यांना पुढं दोन डोळे काढलेले असतात, काजळ घातल्यासारखे. दुसरी, मिठागरं बघणं. खडकात चौकोनी खड्डे खोदलेत, त्यात समुद्र आटतो आणि मीठ उरतं. हे उकिडवे बसून बोटानं चाखत होते, उठायलाच तयार नाहीत.

तिसरी गोष्ट लिहायची म्हणजे हात अडतो. समुद्रात अंघोळ. माझ्याहून थोरल्या बायका, वन्सं, अंगावर दोन चिंध्या, आणि शेजारी जावई नातवंडं. मला दरदरून घाम फुटला. तासभर मी भिंतीकडं तोंड करून बसले. मग मान अवघडली म्हणून वळले. आणि वळले ती लुगड्यानिशी गुडघाभर पाण्यात गेले. फोटो पाठवते आहे, आळीत दाखवू नका.

ह्यांची तब्येत बरी आहे. काल तेवढं तीन वेळा विचारलं, पाचोडची गाडी किती वाजता सुटते म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, विसरणं हळूहळू वाढेल. प्रेरणा म्हणते, म्हणूनच आत्ता आणलं. मला मात्र वाटतं, सत्तरीचा माणूस, विसरायचाच.

थोडं लिहिलं, जास्त रागावू नका.
आपली, वच्छला

पाचोड, दि. ५ जून

चि. सौ. वच्छला हीस अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. मेघानं बोटांनी ताणून मोठा केला तशी मी तोंडाला पदर लावला. तुझ्या पोटऱ्या मी त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितल्या. नहाणीला दोन कड्या लावणारी तू. माझा तर दिवसभर विश्वासच बसला नाही, जेवताना पुन्हा फोटो मागून घेतला.

पण गाडीचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं. कडुबाचा हात सोडू नकोस. सारा गाव त्याला नानासाहेब म्हणतो, पण आई गेल्यापासून त्याला पाळण्यातल्या नावानं हाक मारणारी मी एकटीच उरले. तो सहा वर्षांचा असताना मी त्याला इथल्या आठवडी बाजारात लिंबाखाली बसवलं होतं. सांगितलं, मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही. आणि बांगड्या भरण्याच्या नादात विसरले. दिवेलागणीला जाऊन बघते तर तिथंच. गावातल्या दहा जणांनी बोलावलं, तो कुणासाठी उठला नाही.

तिकडं म्हणे बायका नवऱ्याला नावानं बोलावतात. तू शिकू नकोस. लग्नात उंबऱ्यावर मीच तुला अडवून उखाण्यात नाव घ्यायला लावलं होतं आणि आत आल्यावर मीच बजावलं, हे एकदाच. पुन्हा घेतलंस की नवऱ्याचं आयुष्य एका दिवसानं कमी होतं. तू नेमानं पाळलंस, म्हणून तो धडधाकट आहे.

नऊ गोष्टी झाल्या की दहावी घरी येण्याची.
तुझी वन्सं, गयाबाई

माल्टा, दि. ८ जून

ती. वन्सं यांना शि. सा. न.

आधीच सांगते, हे सुखरूप आहेत, शेजारच्या पलंगावर झोपलेत. आता बसूनच वाचा.

यादीत सातवी गोष्ट गावची जत्रा होती. इथं चर्चची जत्रा भरते, बँड असतो, चौकात मंडप. मी प्रेरणाबरोबर वाटाण्याच्या सारणाची करंजी घ्यायला वळले. हात सोडला तो एवढ्याचसाठी. मागं बघते तर हे नाहीत.

दोन तास, वन्सं. गल्ल्या सगळ्या एकसारख्या, पिवळ्या दगडाच्या. एका टोकाला गल्ली संपते आणि खाली एकदम समुद्र. मी तिथं वाकून खाली बघितलं. काय शोधत होते ते लिहीत नाही. पोलिसांना जावयांनी फोटो दाखवला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. जावयांनी माईकवरून ह्यांचं चारचौघांतलं नाव पुकारलं, साहेब लावून. काही नाही. मग माईक माझ्या हातात दिला. मी अहो म्हणाले. साऱ्या गावात माझा अहो घुमला, लोक माझ्याकडं बघायला लागले. पुन्हा म्हणाले. हे कुठूनच आले नाहीत.

तेव्हा मला तुमचा लिंब आठवला. आणि तुम्ही ज्या नावानं हाक मारता, त्या नावानं मी हाक मारली. कागदावर ते लिहायला अजून हात धजत नाही. पण मारली, नुसती, अरेतुरेची, परक्या मुलखात, माईकवरून, चार वेळा.

चर्चच्या मागच्या पायऱ्यांवरून हे उठून आले. वहाणा हातात. चेहरा स्वच्छ, लहान पोराचा असावा तसा. मला म्हणाले, अक्का कुठं आहे, तिनं मला इथं बसवलं होतं. वन्सं, मला त्यांनी ओळखलं नाही. दोन पावलांवर उभं राहून माझ्याकडं कुणा बाईकडं बघावं तसं बघत होते. रात्री ओळखलं, जेवण नीट केलं, आता झोपलेत.

मला झोप नाही. चार वेळा घेतलं, म्हणजे चार दिवस. डॉक्टर आधीच मुदती सांगतायत आणि त्यातले चार मी गावभर ओरडून घालवले. पुन्हा कधी असे बसून राहिले तर मी काय करू? हाक मारू की नको? तुम्ही लावलेला नेम, तुम्हीच सांगा.

तुमची अपराधी, वच्छला

पाचोड, दि. ९ जून

चि. वच्छला हीस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मेघानं वाचायला घेतलं आणि निम्म्यात तिचाच आवाज बसला. उरलेलं मी डोळ्यांनी वाचलं. त्यानं तुला ओळखलं नाही, या ओळीवर माझं बोट थांबलं ते हलेना. चौसष्ट वर्षं झाली बाजाराला आणि माझा भाऊ अजून माझीच वाट बघत तिथं बसला आहे. हे मी काय करून ठेवलं.

आता नेमाचं. तुला मी जे उंबऱ्याच्या आत सांगितलं ते मला माझ्या सासूनं सांगितलं होतं. मी तुझ्याहून कडक पाळलं. दवाखान्यात केसपेपरवर यजमानांचं नाव विचारलं तेव्हा मी शेजारच्या बाईकडं बघितलं आणि तिनं सांगितलं. बँकेत सहीसुद्धा नुसती गयाबाई. तरी ते बावन्नाव्या वर्षी गेले. सव्वीस वर्षं मी रात्री हाच विचार करते, की झोपेत कधी तोंडून निघालं असेल का. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण आज कळलं की मी तुलाही त्याच आगीत बसवलं होतं.

नाव न घेण्यानं कुणी राहत नाही, वच्छला. घेतल्यानं तो तरी उठून आला.

तेव्हा हाक मार. रोज मार. विमानात मार, घरी आल्यावर ओट्यावर मार, आळीला ऐकू जाऊ दे. येत्या वटपौर्णिमेला दोरा गुंडाळताना मोठ्यानं मार. मी आता कितीशी उरले, आणि माझा आवाज तिथवर पोचत नाही. बाजारातून त्याला मी एकदाच आणला. यापुढं तू आण.

राहिलेल्या दोन गोष्टी करूनच या. पाण्यात आणखी एकदा जा, त्याला धरून. फोटो मी आळीत दाखवला आहे.

खाली आज सही पुरी करते आहे. त्यांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिते, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

गयाबाई रंगनाथ