बेडकीच्या उजव्या बाजूची शिवण

प्रिय नाना,

शाळेत शिकवलेलं आठवून आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं, पुढे दोन ओळी ‘तुम्ही’ लिहिलं आणि मग सगळंच खोडलं. आपल्या घरात बापाला तुम्ही म्हटलं असतं तर तूच विचारलं असतंस, ‘काय व्हयनं व तुले? ताप शे का?’ म्हणून पत्रातही तूच.

तुला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत तुझ्याशी बोलावंसं कितीदा वाटलं, पण कागद घेऊन बसले नाही. आज बसले, कारण आज दुपारी मी आपल्या दुकानाची एक उसवलेली शिवण पाहिली आणि गॅरेजच्या आवारात, चार मेकॅनिकांसमोर रडले. आनंदानं रडले, नाना! शिंप्याची पोर, आणि शिवण उसवली म्हणून खूश! आणि हो, थोडं भांडायचंही आहे तुझ्याशी. ते शेवटी.

म्हसावदच्या मगनकाकांची दीपाली तुला आठवते ना? लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवते, रोज स्वतः गाडी चालवत जाते. तिचीच ती लाल गाडी, आपण जिला बेडकी म्हणायचो, चौथ्या घडणीची. तू गेलास त्याच्या महिनाभर आधी आपण तिच्या सीटांना कव्हर शिवलं होतं. आपण म्हणजे मी. तू स्टुलावर बसून चुका काढत होतास.

परवा सकाळी फाट्यावर उसाची रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर तिच्या गाडीवर आला. थेट उजव्या बाजूनं, ड्रायव्हरच्या दारावर. मला ते चहाच्या टपरीवर कळलं. समोरच्या गॅरेजचा मेकॅनिक दोघातिघांना समजावून सांगत होता, की या नव्या गाडीत सीटच्या बाजूलाही हवेची पिशवी असते, धडक बसली की सीटमधून फुटून बाहेर येते, म्हणून माणूस वाचतो. आणि मग म्हणाला, ‘पन लोके वरथीन जाडं कव्हर शिवी लेतस. मंग ती पिशवी निंघी कोठेन?’

ते कव्हर कुणी शिवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

नाना, मला लख्ख आठवत होतं. उजव्या सीटची बाहेरची शिवण. मोठ्या मशीनवर, नायलॉनचा दोरा, दुहेरी टीप. तू नको नको म्हणत होतास तरी मी मारलेली!

आता तुला आठवावं म्हणून नाही, मलाच लिहून मोकळं व्हायचं आहे म्हणून पहिल्यापासून सांगते.

पहिली बेडकी शहाद्यात आपल्या दारात आली ती मगनकाकांचीच. मी तेव्हा कॉलेजात होते. गोल अंग, वर ओढलेले मोठे दिवे, आणि मागे तर काहीच नाही, जणू कुणी कापून टाकलंय. तू चष्मा पुसून दोन चकरा मारल्यास आणि जाहीर केलंस, ‘हाई ते बेडकी शे! आते उडी मारी.’ झालं. कंपनीनं एवढा विचार करून ठेवलेलं नाव आपल्या दुकानात कुणी पुन्हा घेतलं नाही. मगनकाकासुद्धा फोनवर म्हणायचे, ‘नाना, बेडकी ली येस.’

तयार कपड्यांनी तुझी शर्टांची शिलाई तेव्हा आटत चालली होती. सीटचं कव्हर तू आधी कधी शिवलं नव्हतंस. पण गळ्यातली टेप काढलीस आणि सरळ सीटचं माप घ्यायला लागलास. खांदा, छाती, कंबर. मी हसले तर म्हणालास, ‘सीटले बी खांदा ऱ्हास.’ त्या मापावरून पुठ्ठा कापून नमुना केलास आणि खिळ्याला अडकवलास. तू त्याला फर्मा म्हणायचास. तो पहिला खिळा.

आता भिंतीवर चार खिळे आहेत. दुसरी बेडकी आली ती चार बोटं लांब होऊन. चेहरा तोच, पण अंगानं भरलेली. तू म्हणालास, लगीन व्हयनं वाटतं तिनं! तिसरी आणखी बसकी, आणखी रुंद, आणि तिच्यात तर मागच्या दाराचं हँडलच दारावर नाही. तू गाडीभोवती फिरत होतास, ‘दार कोठे शे हाई?’ आणि मगनकाका पोट धरून हसत होते. हँडल वर काचेशेजारी काळ्या पट्टीत लपवलेलं. तुला ते मुळीच आवडलं नाही. ‘दार लपाडीसन काय मियनं यास्ले?’ असं तू येईल त्या गिऱ्हाइकाला वर्षभर विचारत होतास.

मग चौथी आली, दीपालीची, आणि हँडल परत दारावर. काय खूश झालास! तीन दिवस आधी सलाईन लावलेला माणूस, रिक्षातून दुकानात आलास आणि सगळ्यांना सांगत सुटलास, ‘दखा, ऐकं ना त्यास्नी मन्हं!’ जशी काही कंपनीनं तुझीच चिठ्ठी वाचून गाडी बदलली. पण दिवे मात्र चौथ्या वेळीही बेडकीचेच होते. ते तू आधी तपासलेस.

त्या दिवशी सीटवर बसून तू डोळे मिटून बाजूवरून हात फिरवलास. आधीच्या तिन्ही घडणींत ती बाजू नुसता फोम होती. या वेळी तुझा हात एका जागी थांबला.

तसा तुझा हात एकदाच थांबलेला मी पाहिला होता. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या डॉक्टरांची मोठी गाडी आली होती तेव्हा. तू मला जवळ बोलावून सीटची कंपनीची शिवण दाखवलीस. ‘शोभी, आठे दख. कंपनीना शिंपी सगळीकडे पक्कं शिवस, अन आठेच कच्चं. तो काय येडा शे? काहीतरी कारन व्हई. आपन बी आठे कच्चंच ठेवानं.’

कारण काय, ते तुला माहीत नव्हतं. तिथे इंग्रजीत ‘एअरबॅग’ असं एक चिमुकलं लेबल होतं, ते मला वाचता येत होतं आणि मी वाचलंही, पण मला वाटलं कंपनीचा काही छाप असेल. एअरबॅग म्हणजे स्टिअरिंगमधली, एवढंच माझं ज्ञान. मी शिकलेली, आणि कळलं मात्र तुला. तू कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी शिंप्यावर विश्वास ठेवलास. मी माझ्या बापावर ठेवला नाही.

आता जे सांगणार आहे ते तू असताना सांगण्याची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांच्या गाडीचं कव्हर सहा महिन्यांत त्याच बाजूला उसवलं. त्यांचा ड्रायव्हर दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, ‘नानानी शिलाई आशी?’ आपली शिलाई बैलांनी ओढली तरी निघत नाही असं लोक म्हणायचे, नाना! मला ते ऐकवलं नाही. तू म्हणालास, पुन्हा कच्चीच घाल. आणि तू जेवायला घरी गेलास तेवढ्यात मी मोठ्या मशीनवर नायलॉनची दुहेरी टीप मारून गाडी देऊन टाकली. तू आल्यावर विचारलंस, ‘व्हयनं का?’ मी म्हटलं, ‘व्हयनं.’ खोटं काहीच बोलले नव्हते, पण त्या दिवशी तुझ्या डोळ्याकडे बघून चहा दिला नाही.

त्यानंतर दीपालीची गाडी. पुन्हा तोच वाद. तू म्हणालास, कच्ची. मी म्हटलं, ‘नाना, पोर रोज चढस-उतरस. वरीसभरमा फाटी जाई. लोके म्हनतीन शिंपीना हात थकी गया.’ हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तुझा हात खरंच थकला होता, पॅडलवर पाय राहत नव्हता, आणि मी ते गिऱ्हाइकाच्या तोंडी घालून तुला ऐकवलं. तू वाद घातला नाहीस. ‘तुले जे करनं शे ते कर माय,’ एवढंच म्हणालास. मी मगनकाकांना रंग दाखवायला बाहेर गेले, परत आले, आणि रागारागात ती शिवण मारली. मध्ये दोरा तुटलासुद्धा. मी मशीनला शिव्या घातल्या. तू चहाच्या ग्लासात तोंड घालून हसत होतास. वाटलं, माझी फजिती बघून हसतोय. पुढे महिन्याभरात तू गेलास, आणि ते वाक्य परत घ्यायचं राहूनच गेलं.

तर परवा टपरीवरून मी तशीच दवाखान्यात गेले. पायऱ्यांवरूनच आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना फोन केला. ते बाहेरगावी, रेल्वेनं गेलेले. म्हटलं, मी येईपर्यंत गाडी कुणी काढू नका, माझ्या हातून चूक झाली आहे. ते बरं म्हणाले. आत दीपाली झोपवलेली होती, गळपट्टीचं हाड मोडलेलं, डोक्याचे फोटो काढायचे होते. मगनकाका बाकावर. मला बघून म्हणाले, ‘तुन्ही बेडकी गई व शोभा.’ आणि नंतर, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, ‘कव्हर ते कितलं भारी व्हतं. चार दिन पयले धोयं, एक टाका निंघना नही.’

एक टाका निघाला नाही! आयुष्यभर ज्या शब्दांसाठी आपण मान खाली घालून शिवलं, ते शब्द त्या दिवशी मला ऐकवेनात. पिशवी फुटली का, हे त्यांना कसं विचारायचं? विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? काकांचा हात हातात घेऊन नुसती बसले. पोरीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या दोऱ्यानं, एवढंच डोक्यात.

काल डोक्याचे फोटो चांगले आले. दीपाली बोलायला लागली. पण मला चैन कुठलं? ती वाचली, पण माझ्या शिवणीला न जुमानता वाचली असेल, असंच मी धरून चालले होते. आणि तेवढं तरी डोळ्यांनी बघायला हवं होतं.

म्हणून आज गाडी बघायला गेले. उजवं दार आत घुसलेलं, उघडतच नाही. डाव्या बाजूनं शिरले, काचा बाजूला केल्या. आणि काय बघते? सीटच्या कुशीतून पांढरी पिशवी बाहेर लोंबतेय. कव्हर त्या बाजूनं वरपासून खालपर्यंत उघडं. कापड कुठं फाटलेलं नाही. नुसती शिवण गेलेली, दोन्ही टिपांची, तू उसवावीस तशी स्वच्छ.

मला कळेना. नायलॉन असा जातो? दोऱ्याचं टोक ओढून घेतलं आणि दातात धरलं. आपला नायलॉन दाताला दाद देत नाही, कात्रीच लागते. हा पटकन तुटला. उजेडात धरला तर काळासुद्धा नाही, उन्हानं विटून तपकिरी पडलेला. तुझ्या जुन्या मशीनवरचा, शर्टांचा सुती दोरा! खिडकीत वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं तेच रीळ!

मी रंग दाखवायला बाहेर गेले होते, तेवढ्यात ना? स्टुलावरून उठवत नव्हतं तुला, पाणी हातात द्यावं लागायचं, आणि मोठ्या मशीनवरचं रीळ बदलून, सुईत ओवून, परत जागेवर जाऊन बसलास? नंतर नायलॉन पुन्हा चढवून ठेवलास? चोरा! लबाडा! आणि वर चहाच्या ग्लासात हसलास!

हेच ते भांडण. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर आता कोण देणार? गिऱ्हाईक समोर असताना पोरीशी वाद न घालता गुपचूप रीळ बदलावं, हे तुला सुचलं कसं? मी डॉक्टरांच्या गाडीवर तुझ्या पाठीमागे काय केलं होतं, ते तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून दोन वर्षं बोलला नाहीस?

तसं असेल तर आता फिट्टंफाट झाली. मी तुला फसवलं, तू मला फसवलंस. फरक एवढाच की तुझ्या फसवण्यानं दीपाली आज उशीला टेकून मोसंबीचा रस पितेय. मी गॅरेजमधून तडक तिच्याकडे गेले. तिला सगळं सांगितलं, माझ्या टिपेसकट. ती हसली, आणि हसताना हाड दुखलं म्हणून ओरडली. काकांनी मात्र उपरणं तोंडाला लावलं. मग म्हणाले, ‘नानानी मन्ही पोर मोकळी कयी.’

नाना, किती हलकं वाटतंय सांगू! दोन दिवसांनी आज पोटभर जेवले. दुकानात येऊन तुझा पत्र्याचा डबा उघडला. ते रीळ आहे त्यात. अर्धं उरलंय.

लहान होते तेव्हा तू मला शिवायला देत नव्हतास, आठवतं? दोन वर्षं नुसतं उसवायला लावलंस. जुन्या पँटी, जुने सदरे. मी रडायचे, म्हणायचे, माझ्या मैत्रिणी फुलं काढायला शिकल्या आणि मी दोरे काढतेय. तू म्हणायचास, ‘पयले उसवाले शीक, मंग शिवाले.’

उद्या सकाळी डॉक्टर येतात. त्यांच्या दारातच बसून मी माझी ती दुहेरी टीप उसवणार आहे, एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. मग तुझ्या रिळानं कच्ची घालीन. ड्रायव्हरनं चार लोकांसमोर पुन्हा विचारलं, ‘नानानी शिलाई आशी?’ तर त्याच चार लोकांसमोर सांगीन, ‘हो, आशीच.’

तुझी,
उसवायला शिकलेली शोभी